समीकरणास उत्तरें किती?

साइन क्ष = क्ष/१० हें समीकरण वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यापुढें मांडलें तर तो प्रथम सूत्र आठवूं लागेल. परंतु पुस्तकांतील एकही सूत्र येथें कामास येत नाहीं. कारण एका बाजूस कोनाची साइन असून दुसऱ्या बाजूस कोन स्वतःच आहे. अशा वेळीं उत्तर कोणतें, हें विचारण्यापूर्वीं उत्तरें किती, हें विचारावें असें आम्हांस वाटतें. तें काम आलेख उत्तम करितो.

कोन अंशांत न घेतां रेडियनमध्यें घ्यावा व एकाच कागदावर य = साइन क्ष ही लाट आणि य = क्ष/१० ही सरळ रेषा काढावी. जेथें दोहोंची भेट, तेथें उत्तर. लाट १ च्या वर कधींच जात नाहीं. म्हणून क्ष १० च्या पुढें गेल्यावर भेटीची आशा नको. पहिल्या कमानीस रेषा आरंभबिंदूनंतर एकदांच, सुमारें २.८५ येथें छेदते. पुढें ६.२८ पर्यंत लाट अक्षाखालीं असते. दुसऱ्या कमानीचा माथा ७.८५ येथें, तेथें लाटेची उंची १ व रेषेची केवळ ०.७८५. म्हणून रेषा कमानींत सुमारें ७.०७ येथें शिरते व ८.४२ येथें बाहेर पडते. तिसरी कमान १२.५७ येथें सुरू होते. तोंवर रेषा आवांक्याबाहेर गेलेली असते. उजवीकडे तीन, डावीकडे त्यांचींच तीन ऋण रूपें आणि मध्यें शून्य: एकूण सात.

परंतु डोळ्यांवर सर्वस्वी विसंबूं नये. साइन क्ष = क्ष याचा आलेख काढावा. आरंभबिंदूपाशीं लाट व रेषा एकमेकींस अशा बिलगतात कीं, तेथें पुष्कळ उत्तरें आहेत असा भास होतो. क्ष = ०.२ असतां साइन ०.१९८७ भरते, एककास एक इंच घेतल्यास अंतर ०.००१३ इंच. पेन्सिलीची रेघच याहून जाड! येथें निवाडा भूमितीकडे न्यावा लागतो. एकक त्रिज्येच्या वर्तुळांत साइन म्हणजे अर्धी जीवा, जिचे मान आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास ग्रथित केलें. आणि क्ष म्हणजे त्या जीवेवरील अर्धें चाप. त्याच दोन टोकांमधील सरळ वाट वांकड्या वाटेहून तोकडीच असणार. म्हणून शून्यापुढें काटकोनापर्यंत साइन क्ष ही क्षहून लहानच राहते. त्यापलीकडे तर क्ष १ हून मोठा. डावीकडेही हाच न्याय. उत्तर एकच, शून्य.

आतां साइन क्ष = क्ष/२० याचीं उत्तरें वाचकांनीं स्वतः मोजावीं. चवथी कमान २० च्या अलीकडेच सुरू होते. तिच्या माथ्यापाशीं मात्र घाई करूं नये.