वीज गेली तरी वॉर्मर चालू हवा

बुलढाणा जिल्ह्यात वळवाचा पाऊस आला की वीज जाते. नवजात अतिदक्षता कक्षातल्या दीड किलोच्या बाळाच्या अंगावर फारशी चरबी नसते; त्याला ऊब देणारा वॉर्मर थंडावला की बाळाचं तापमान ३६.५ अंशांखाली घसरू लागतं. जनरेटर सुरू होईपर्यंतचं अंतर बॅटरी आणि इन्व्हर्टर भरून काढतात, छतावरचे सोलर पॅनल दिवसा ती बॅटरी भरतात. इथेच अनेकांची गफलत होते: बॅटरीशिवाय नुसतं ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं. शिवाय वॉर्मर वीज भरपूर खातो आणि बॅटरी मर्यादित असते, म्हणून बॅटरीवर आधी वॉर्मर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सिरिंज पंप, एसी नंतर. सुरक्षाही तितकीच महत्त्वाची: जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच कक्षाला आग लागून १० बाळं गेली. म्हणून नवा भार जोडण्यापूर्वी जुनं वायरिंग तपासून घ्यायलाच हवं.