परदेशातील विद्यार्थी : बाबासाहेब

दरवर्षी जून महिन्याच्या अखेरीस आमच्या वसतिगृहाच्या दारात पत्र्याच्या पेट्या येऊन पडतात. पालक निरोप घेतात आणि पाचवीतले मूल खिडकीच्या गजांना धरून उभे राहते. अशाच एका संध्याकाळी एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, बाबासाहेब इतके दूर गेले होते, त्यांना घरची आठवण येत नसेल का?" बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला मुखोद्गत असतात, त्यांमागील विद्यार्थी मात्र आपण क्वचितच पाहतो. त्या मुलाला जे उत्तर दिले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहोत.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी यांचे निधन झाले. त्याच वर्षी जून महिन्यात बडोदे संस्थानाशी करार झाला : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि त्या बदल्यात दहा वर्षांची नोकरी. जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. पहिल्या वसतिगृहातील जेवण त्यांना मानवले नाही. त्यांनी निवास बदलला आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. आरंभीचे काही महिने नव्या शहराच्या आकर्षणात गेले, असे चरित्रकार सांगतात. पुढे जबाबदारीची जाणीव बळावली आणि ग्रंथालय हेच त्यांचे घर झाले. शिष्यवृत्तीतून काटकसर करून रमाईंना पैसे पाठवायचे आणि उरलेल्या पैशांतून जुन्या बाजारात पुस्तके शोधायची, हा त्यांचा क्रम होता. घरची आठवण येत होतीच. तिने त्यांना अभ्यासापासून दूर नेले नाही, एवढेच.

कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना लाभले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतातील व्यापार. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेने त्यांना वर्गाबाहेर बसविले, तिचीच चिकित्सा त्यांनी दूरदेशी, समान दर्जाने बसून केली. परदेशगमनाचा खरा लाभ आम्हाला येथे दिसतो.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे पाठविलेले सामान घेऊन निघालेले जहाज महायुद्धात बुडाले. बडोद्यात तर नोकरी होती, पण राहायला खोली मिळेना. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नमूद केले आहे. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाहेर पडताना ती जाणीव समाजाने त्यांना पुन्हा करून दिली.

तरीही त्यांनी शिक्षण सोडले नाही. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला. १९२० च्या मे-जूनमध्ये आपल्या नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद झाली. तीत भाग घेऊन, जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेनांकडून घेतलेले कर्ज, एवढेच त्यांचे भांडवल. तेथे दिवसभर ग्रंथालय, तुटपुंजे जेवण आणि रात्री भुकेला भाजलेले पापड. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात दुरुस्त्या सुचविल्या गेल्या. त्या करून १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळविली. बॅरिस्टरही झाले. दरम्यान मुंबईत रमाई हालअपेष्टांत संसार ओढत होत्या. त्या पदव्यांवर त्यांचाही हक्क आहे.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आपल्या मुलांसाठी उपलब्ध आहे. मात्र केंद्राच्या योजनेच्या २०२२-२३ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हाला हे विशेष बोचते. या नियमाने पाहिले तर प्राचीन भारतातील व्यापारावर किंवा जातिसंस्थेवर लिहिणारा भीमराव अपात्र ठरला असता. आपल्या समाजाचा अभ्यास आपल्या मुलांनी जगातील उत्तम विद्यापीठांत करावा, हा आग्रह आपण सोडता कामा नये.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : देणगी द्याच, पण वेळही द्या. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, प्रवेशपत्र, इंग्रजीची परीक्षा यांची तयारी वर्षभर आधी सुरू करावी लागते, हे अनेकांना मुदत टळल्यावर कळते. तुमच्यापैकी जे या वाटेने गेले, त्यांनी मागून येणाऱ्या एकेका मुलाचा अर्ज सोबत बसून भरून द्यावा. भीमरावांना भथेना भेटले होते. आमच्या मुलांचे भथेना तुम्ही व्हा.

आणि पालकहो, मुलीलाही पाठवा. न्यूयॉर्कला पोहोचताच वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला होता.

जय भीम!