मॅक्सच्या रानातला जलसा

जत्रा-तमाशाला जागा द्यायची की नाही, यावरून गावात होणारे तंटे आपल्याला नवे नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९६९ साली असेच घडले.

वॉलकिल गावी वुडस्टॉक नावाचा संगीताचा जलसा ठरला होता. पन्नास हजार माणसे येतील, असे संयोजक सांगत. गावकरी बिथरले. त्यांनी मोठ्या जमावाला परवाना सक्तीचा केला आणि जुलैत तो नाकारला. कारण काय, तर संडास नियमात बसत नाहीत!

महिनाच उरला होता. तेव्हा बेथेल गावच्या मॅक्स यासगर या दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याने आपले रान भाड्याने दिले. ‘मॅक्सचे दूध घेऊ नका’ अशा पाट्या लागल्या. गडी उलट हट्टालाच पेटला! त्या पोरांचा अवतार त्यालाही पसंत नव्हता. पण म्हणून त्यांना अडवायचे, हे त्याला पटेना.

ऑगस्टात लोटली चार लाखांवर माणसे. रस्ते तुंबले, अन्न संपले, पावसाने रानाचा राडा झाला. आपले पंडित रविशंकर तिथे पावसातच सतार वाजवून आले. चिखलातली पोरे पाहून त्यांना आपल्याकडच्या म्हशी आठवल्या. मॅक्सने लोकांना पाणी फुकट दिले. रानात झोपलेला एक पोरगा मात्र ट्रॅक्टरखाली सापडून गेला. वॉलकिलची धास्ती अगदीच खोटी नव्हती म्हणायची.

पुढे शेजाऱ्यांनी नुकसानीचे दावे लावले. १९७० साली पुन्हा रान मागितले, तेव्हा मॅक्स म्हणाला, आता आपण बरे नि आपला गोठा बरा.