काडतुसांचं वेंडिंग मशीन आणि 'कशाच्या तुलनेत?'

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी एक ठरलेली चूक व्हायची. काहीतरी धक्कादायक वाचलं की तोच आपला संशोधन-प्रश्न, असं वाटायचं. मग प्रत्येक वेळी गाइड एवढंच विचारायचे, "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न किती कामाचा आहे, ते आज एका उदाहरणातून बघू.

२०२४ च्या उन्हाळ्यात एक बातमी जगभर फिरली. 'अमेरिकन राउंड्स' या कंपनीने अलाबामा, ओक्लाहोमा आणि टेक्सासमधल्या काही किराणा सुपरमार्केटांत बंदुकीच्या काडतुसांची वेंडिंग मशीन बसवली होती. दूध-अंडी घ्यायला जा आणि येताना काडतुसं घेऊन या!

गेम खेळणाऱ्यांना हे मशीन आधीपासून माहीत होतं. 'बायोशॉक' (२००७) मध्ये 'अ‍ॅमो बँडिटो' आहे, तर 'बॉर्डरलँड्स' (२००९) मध्ये 'मार्कस म्युनिशन्स'. ही मशीन खेळाडूचं वय विचारत नाहीत, ओळखपत्र मागत नाहीत. पैसे द्या, काडतुसं घ्या. त्यामुळे 'गेममधली हिंसा दुकानात आली' असं वाक्य पटकन सुचतं. पण दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. हा पहिला सापळा.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. 'मशीनमुळे काडतुसं मिळणं सोपं झालं' हे वाक्य बरोबर वाटतं ना? पण कंट्रोल कुठे आहे? लॅबमध्ये कंट्रोलशिवाय प्रयोग लावला तर निकालाला अर्थ नसतो, तसंच इथेही आहे. इथला कंट्रोल म्हणजे दुकानातला साधा काउंटर.

तो काउंटर कसा आहे? अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेता पिस्तुलाची काडतुसं २१ वर्षांखालच्यांना विकू शकत नाही. रायफल आणि शॉटगनसाठी ही अट १८ वर्षांची आहे. पण १९८६ च्या दुरुस्तीनंतर फक्त काडतुसं विकणाऱ्या दुकानाला केंद्रीय परवाना लागत नाही. गिऱ्हाईकाची पार्श्वभूमी तपासण्याची सक्तीही केंद्रीय कायद्यात नाही. काही राज्यांचे नियम मात्र जास्त कडक आहेत.

आता मशीन बघा. ते ओळखपत्र स्कॅन करतं, चेहरा त्या फोटोशी जुळवतं आणि २१ वर्षांखालच्यांना काहीच देत नाही. म्हणजे वयाच्या बाबतीत मशीन कायद्यापेक्षा कडक निघालं! धक्का मशीनचा बसला, पण ढिलाई कायद्यात आधीपासूनच होती.

मग प्रश्न संपला का? नाही, खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. मशीन वय ओळखतं, पण समोरच्या माणसाची अवस्था ओळखत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात आठवड्याभराच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच आपलं आयुष्य संपवलं. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. त्यानंतर तिथले बंदूक विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र आले आणि 'गन शॉप प्रोजेक्ट' उभा राहिला. अस्वस्थ गिऱ्हाईक कसं ओळखायचं, विक्री कधी नाकारायची, याचं मार्गदर्शन दुकानदारांसाठी तयार झालं. ही गोष्ट बंदुकांच्या विक्रीची आहे, काडतुसांची नाही. हा फरक विसरून चालणार नाही. पण काउंटरमागचा माणूस काय करू शकतो, ते यातून दिसतं.

आता प्रश्न असा मांडता येतो: काउंटरवरचा विक्रेता संशयास्पद विक्री प्रत्यक्षात किती वेळा नाकारतो आणि मशीन आल्यावर त्यातलं काय हरवतं? हा प्रश्न मोजता येतो. उत्तर 'फारसं काही नाही' असंही येऊ शकतं, आणि ते स्वीकारायची तयारी ठेवावी लागते. 'मशीन वाईट आहे' हे फक्त मत आहे, त्याला चूक ठरण्याची सोयच नाही.

तुमच्या प्रपोजलमधलं सगळ्यात धक्कादायक वाक्य शोधा आणि त्याच्यापुढे पेन्सिलने लिहा, 'कशाच्या तुलनेत?' उत्तर देता आलं नाही, तर ते वाक्य अजून संशोधन-प्रश्न झालेलं नाही.