देवळालीचा ताप आणि कस्टमर केअरची रांग

गेल्या पावसाळ्यात देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरचं इंटरनेट सहा दिवस बंद होतं. सहाव्या दिवशी सकाळी माझ्या पीएचडीच्या प्रगती समितीची ऑनलाइन बैठक होती. ती मी गच्चीवर, छत्रीखाली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उरकली. तोवर कंपनीला अकरा फोन करून झाले होते. दोनदा 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेजही आला. राउटरवरचा लाल दिवा मात्र तसाच!

चिडचिड झालीच. पण माझा अभ्यास रांगांच्या गणिताचा, म्हणून म्हटलं, आज त्याबद्दलच लिहू.

हे गणित जन्मलं तेच फोनमुळे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांग यांनी 1909 मध्ये त्यावरचा पहिला निबंध लिहिला. एक्स्चेंजमध्ये किती लाइन ठेवल्या की लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा त्यांचा प्रश्न.

आता बघा. फोन उचलणारी एकच व्यक्ती आहे आणि फोन केव्हाही येतात, असं धरा. ती 50 टक्के वेळ व्यस्त असेल, तर तुमचं सरासरी थांबणं एका कॉलच्या लांबीइतकं. 80 टक्के व्यस्त असेल तर चौपट, 90 ला नऊपट आणि 95 ला एकोणीसपट! शेवटच्या पाच टक्क्यांत रांग दुपटीहून जास्त वाढली. माणसं जास्त असली की आकडे बरेच खाली येतात, पण शंभराजवळचा हा चढ राहतोच. मॅनेजरला मात्र 95 टक्के व्यस्त कर्मचारी म्हणजे 'कार्यक्षमता' वाटते. मोकळा बसलेला माणूस वाया जात नसतो, रांग तोच आवरत असतो, हे पगाराच्या हिशेबात दिसत नाही.

त्यात काम न करताच तक्रार बंद करायची पद्धत. समजा, नव्या फोनमुळे ती व्यक्ती 70 टक्के व्यस्त आहे. कॉल पाच मिनिटांचा असेल तर थांबणं सरासरी 12 मिनिटं. आता दर पाचातला एक फोन परत आला, तर व्यस्तता 87.5 टक्के होते आणि थांबणं 35 मिनिटं. म्हणजे जवळजवळ तिप्पट, आणि नवीन ग्राहक एकही नाही! माझ्या अकरा फोनांपैकी दहा कंपनीनेच तयार केले होते म्हणा ना.

वाट पाहण्याशी आमच्या गावाचं नातं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत राहायचे, कधी कधी महिनोन् महिने. कंटाळून डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग आला. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. डेव्हिड मेस्टर यांनी 1985 च्या लेखात मांडलं होतं की किती वेळ थांबायचं ते माहीत नसलं की थांबणं जास्त लांब वाटतं. आमच्या गावाला ते आधीच ठाऊक होतं!

मग तुम्ही काय करायचं? प्रत्येक फोनला तक्रार क्रमांक मागा आणि तारखेसह लिहून ठेवा. ट्रायच्या 2012 च्या नियमांप्रमाणे तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय स्वतः सोडवत नाही, तिथे थेट अर्ज करून वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

मी अपील केलं ते पाचव्या दिवशी. सहाव्या दिवशी संध्याकाळी लाइनमन आला. खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं होतं. 'मला तर आज दुपारीच कळवलं हो,' म्हणाला. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली.