जुन्या कार्डाची जोडी कीं नव्याची प्रतीक्षा?

एका बैलाला गाडी ओढवेना, म्हणजे त्याच्या जोडीला दुसरा बैल जुंपावा, हा विचार स्वाभाविक आहे. संगणकावर खेळ खेळणाऱ्या तरुणाच्या मनांतहि तोच येतो. पडद्यावरील चित्रें तयार करणारें त्याचें ग्राफिक्स कार्ड जुनें झालेलें असतें. त्याच जातीचें दुसरें कार्ड जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळतें. आणि नव्या कार्डाइतका पैसा हातीं नसतो. अशा वेळीं जोडी करावी कीं धीर धरावा, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. भलत्या खरेदींत गेलेला पैसा नव्या कार्डाचा दिवस आणखी लांब ढकलतो.

जोडीची कल्पना मुळांत खुळी नव्हती. १९९८ सालीं थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचीं दोन व्हूडू-२ कार्डें एकत्र जोडतां येत. पडद्यावरील विषम ओळी एकानें काढावयाच्या आणि सम ओळी दुसऱ्यानें, अशी ती वांटणी होती. पुढें २००४ मध्यें एनव्हिडियानें एस. एल. आय. या नांवानें आणि २००५ मध्यें ए. टी. आय.नें क्रॉसफायर या नांवानें तीच कल्पना नव्या रूपांत आणली. तींत बहुधा ओळींऐवजीं संबंध चित्रेंच आळीपाळीनें वांटून दिलीं जात.

मेख आहे ती येथेंच. दोन भाषांतरकारांनीं एका ग्रंथाचीं पानें वांटून घेतलीं, तरी दोघांनाहि संपूर्ण शब्दकोश लागतो. अर्धा अर्धा घेऊन चालत नाहीं. त्याचप्रमाणें चार चार गिगाबाइट स्मृतीचीं दोन कार्डें जोडलीं, तरी अशा वांटणींत खेळाच्या उपयोगाची स्मृति चारच गिगाबाइट राहते. शिवाय पुढील चित्र काढतांना मागील चित्राचा आधार घ्यावयाचा असेल, तर एका कार्डाला दुसऱ्यासाठीं थांबावें लागतें. मग चित्रांमधील कालाचें अंतर कमीजास्त होऊन हालचाल अडखळल्यासारखी दिसते. आणि खेळ रचणाऱ्यानें या वांटणीची सोयच केली नसेल, तर दुसरें कार्ड नुसतें बसून राहतें.

एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावें. २०१४ सालीं आलेलें जी. टी. एक्स. ९७० हें कार्ड ज्याच्यापाशीं होतें, त्याच्यापुढें २०१६ मध्यें दोन वाटा होत्या. दुसरें ९७० घेतल्यास दोहोंचा मिळून वीजखर्च कंपनीच्या आंकड्यांप्रमाणें २९० वॅट होई. त्याच वर्षीं निघालेलें १०७० हें एकटें कार्ड १५० वॅटांत भागवी, आठ गिगाबाइट स्मृति देई आणि कोणत्याहि खास सोयीवांचून प्रत्येक खेळांत आपलें पूर्ण बळ लावी. पुढील काळानें निकाल आणखी स्पष्ट केला. एस. एल. आय.साठीं खेळागणिक नवी जुळणी पुरविणें एनव्हिडियानें २०२१ च्या आरंभापासून बंद केलें. आणि २०२२ मध्यें आलेल्या आर. टी. एक्स. ४० मालिकेंतील खेळांच्या कार्डांवर जोडणीची जागाच ठेवलेली नाहीं.

मात्र जोडी सर्वत्रच व्यर्थ आहे, असें नव्हे. ब्लेंडरसारख्या साधनानें त्रिमिति दृश्यें रंगवितांना काम स्वतंत्र तुकड्यांत विभागतां येतें, आणि दोन कार्डें खरोखरच वेळ वांचवितात. भाषेचीं मोठीं प्रारूपें घरच्या संगणकावर चालवितांना त्यांचे कांहीं थर एका कार्डावर व कांहीं दुसऱ्यावर ठेवतां येतात. तेथें तर स्मृतीचीहि बेरीज होते. तेव्हां पहिला प्रश्न कार्डाचा नसून कामाचा आहे: तें विभागलें जातें काय?

प्रतीक्षा हीहि फुकट मिळत नाहीं. २०२१ मध्यें चिपांची टंचाई आणि आभासी चलनाचें खाणकाम यांमुळें कार्डांचे भाव छापील किंमतीच्या पुष्कळच वर गेले, आणि थांबलेले लोक थांबूनच राहिले. शिवाय जुन्या कार्डाची विक्रीची किंमत दिवसेंदिवस घटत असते. म्हणून खेळणाऱ्यानें थांबावयाचें तें हिशेबानें थांबावें. खेळांतील चित्रांची प्रत थोडी उतरवून काम भागत असेल, तोंवर पैसे सांठवावे; भागेनासें झालें, कीं जुनें कार्ड विकून त्या रकमेंत भर घालावी आणि आपल्या पॉवर सप्लायला झेपेल असें एकच बलवान कार्ड घ्यावें. तें अगदीं ताजें असण्याची गरज नाहीं. मागील पिढीचें चांगलें कार्डहि दोन जुन्यांपेक्षां अधिक भरंवशाचें ठरतें.