बांधकामावरचं पाळणाघर

दिल्लीत 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी राजघाटाजवळ बांधकाम चालू होतं. घमेली वाहणाऱ्या बायकांची तान्ही मुलं तिथेच धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि जागेवरच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातूनच ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. 1972 मध्ये हे काम मुंबईत आलं, पुढे पुण्यातही रुजलं. इमारत पुरी झाली की मजूर दुसऱ्या साइटवर जातात. मग पाळणाघरही बाडबिस्तरा गुंडाळतं.

जागा बिल्डर देईल ती. कधी पत्र्याची शेड, कधी गिलावा न झालेली खोली. सतरंज्या अंथरायच्या, झोळ्या टांगायच्या आणि कामाला लागायचं. मुलं आली की आधी हातपाय-तोंड धुणं, नखं पाहणं, अंगावर खरूज-पुरळ आहे का ते बघणं. खरी कसोटी त्यानंतर. एकाला भूक लागते तेव्हाच दुसरीला झोप येते, तिसऱ्याने दुपटं ओलं केलेलं असतं. आणि एकाने भोकाड पसरलं की बाकीचे सूर धरतातच. मुरलेली ताई अशा वेळी धावत सुटत नाही. चालत्या मुलांपुढे खिचडीच्या ताटल्या ठेवते, सांडेना का, पण आपल्या हाताने खाऊ देते. तेवढ्या वेळात मांडीवरचं बाळ भरवून होतं. रांगणाऱ्यांना ती चालणाऱ्यांपासून वेगळं ठेवते, कारण दोन वर्षांचं मूल बाळाच्या डोळ्यात बोट घालतं ते बहुतेक वेळा प्रेमानेच! हात धुवायची रांग बडबडगीतावर पुढे सरकते. आई कामावरच असल्याने मधल्या सुट्टीत येऊन अंगावर पाजून जाते.

या सगळ्याचा फायदा आणखी एकीला होतो, ती म्हणजे थोरली बहीण. आई कामावर, धाकटं हिच्या कडेवर, मग शाळा कुठली? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हीच अडचण ओळखली होती. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. धाकट्याला पाळणाघरात सोपवायचं आणि आपण वर्गात जायचं.

सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेने 25 मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरली होती. दोन माणसांत एवढी मुलं सांभाळणं म्हणजे काय, हे घरी एकच सांभाळणाऱ्यालाही कळेल. तरी या कामाचं मानधन तुटपुंजंच राहिलं.

1996 च्या बांधकाम मजूर कायद्याने 50 हून अधिक बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली. म्हणजे चाळीस बायकांच्या साइटवरचं मूल धुळीतच राहिलं. याउलट, 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तरी त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद होती. आया मोजण्यापेक्षा मुलं मोजणारा हा नियम कितीतरी शहाणा. शहरातल्या बांधकामांनाही तोच लावायला हवा.